दर आठवड्याला ‘ऑफलाइन’ होणारा प्रिंटर आणि पुन्हा पुन्हा टाकलेला ड्रायव्हर

प्रश्न असा आला आहे: चोपडा तालुक्यातल्या एका जिनिंगच्या ऑफिसात पाच कॉम्प्युटर आहेत. एक लेझर प्रिंटर लॅनवर (म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कवर), एक जुना यूएसबीचा लेझर दिवाणजींच्या कॉम्प्युटरला लावून सगळ्यांना शेअर केलेला, आणि कापसाच्या गाड्यांच्या वजनकाट्यावर डॉट मॅट्रिक्स (शाईच्या फितीवर पिना ठोकून छापणारा). दर आठ-दहा दिवसांनी यातलं काहीतरी ‘ऑफलाइन’ होतं. माणूस येतो, ड्रायव्हर काढतो, परत टाकतो, पाचशे रुपये घेऊन जातो. चार दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. काट्यावरच्या पावत्या खाली-वर सरकतात ते वेगळंच. ड्रायव्हर एकदाचा नीट कसा टाकायचा?

ड्रायव्हर परत टाकला की प्रिंटर चालतो, म्हणजे खोट ड्रायव्हरमध्येच होती, असं तुमच्या माणसाने धरलंय. जळगावात गोलाणी मार्केटमध्ये बसून आणि जिल्हाभर फिरून माझी वीसेक वर्षं या कामात गेली. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीही तेच धरायचो. खरी गंमत अशी की ड्रायव्हर नव्याने टाकताना विंडोज त्याच्याबरोबर पोर्टही नवा तयार करतं. आजार बरा होतो तो त्या नव्या पोर्टमुळे, नाव होतं ड्रायव्हरचं. जुना पोर्ट ज्या कारणाने बिघडला ते कारण जागच्या जागीच असतं. मग दहाव्या दिवशी फोन येतो, “भाऊ, प्रिंटर परत बंद पडी गया.”

ड्रायव्हर हा दुभाषा आहे. टॅलीतलं बिल तो प्रिंटरला समजेल अशा भाषेत लिहून देतो. ते लिहिलेलं रांगेत लावून धरतो तो स्पूलर. आणि ते कुठे पोचवायचं, तो पत्ता म्हणजे पोर्ट. म्हणून माझा ढोबळ हिशोब असा: कागद येतोय पण त्यावर कचरा छापलाय, तर दुभाष्याकडे बघायचं. कागदच येत नाही, तर आधी पत्त्याकडे. तुमच्या तिन्ही प्रिंटरची दुखणी वेगवेगळी आहेत आणि औषध मात्र एकच चाललंय.

लॅनवरच्या लेझरपासून सुरू करतो, कारण घोळ तिथे सगळ्यात जास्त आणि उपाय फुकटातला. तुमच्याकडे लाइट जाते. राउटर पडतो, प्रिंटर पडतो, कॉम्प्युटर तेवढे यूपीएसवर तग धरतात. लाइट आली की राउटर जागा होतो आणि जो आधी मागेल त्याला आयपी पत्ता (नेटवर्कवरचा घर नंबर) वाटत सुटतो. काल कोणाला कोणता दिला होता हे स्वस्तातल्या राउटरला बरेचदा आठवत नाही. लेझरला जागं व्हायला वेळ लागतो, तोवर कोणाच्या तरी मोबाइलने वायफायवरून तो पत्ता पटकावलेला असतो. काल प्रिंटर १९२.१६८.१.१० वर होता, आज १४ वर आहे. पाचही कॉम्प्युटर मात्र १० नंबरच्या दारावर टकटक करत बसतात, आणि विंडोज सांगतं, ऑफलाइन.

हे बघायला दोन मिनिटं पुरतात. प्रिंटरच्या पॅनेलवरून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापा, त्यावर आजचा पत्ता असतो. मग कॉम्प्युटरवर त्या प्रिंटरच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘पोर्ट्स’ टॅब उघडा आणि टिक केलेल्या ओळीत कोणता पत्ता आहे तो वाचा. दोन्ही जुळत नसतील तर चोर सापडला. ड्रायव्हरला हातही लावायचा नाही.

आता पक्का बंदोबस्त. राउटरच्या सेटिंगमध्ये त्या प्रिंटरच्या मॅक ॲड्रेसला (कारखान्यातून आलेल्या त्याच्या कायमच्या नंबराला) एक पत्ता कायमचा राखून ठेवता येतो, तो ठेवा. राउटरचा पासवर्ड ऑफिसात कोणाकडेच नसेल (नसतोच, तो इंटरनेटवाल्या पोराकडे असतो आणि तो फोन उचलत नाही), तर प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूतून पत्ता हाताने घाला. मात्र राउटर जे आकडे वाटतो त्यांच्या बाहेरचा घाला. राउटर १०० ते २०० वाटत असेल तर प्रिंटरला २४० द्या. मग प्रत्येक कॉम्प्युटरवर त्याच ‘पोर्ट्स’ टॅबमध्ये ‘ॲड पोर्ट’, ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’, आणि तो पत्ता. झालं. प्रिंटरचं नाव तेच, ड्रायव्हर तोच, फक्त दार बदललं.

टिक केलेल्या ओळीत पत्त्याच्या जागी ‘डब्ल्यूएसडी’ दिसलं, तर तुमचा प्रिंटर विंडोजने आपणहून शोधून लावलेला आहे. हे दिसायला सोयीचं, पण माझा त्यावर भरवसा नाही. या पद्धतीत कॉम्प्युटर नेटवर्कवर हाका मारून प्रिंटर शोधतो. प्रिंटर झोपलेला असला किंवा मधल्या वायफायने ती हाक पुढे जाऊ दिली नाही, की संपलं. ऑफिसात मी तो पोर्ट ठेवतच नाही.

आणखी एक टिक आहे, ती कोणी सांगत नाही. टीसीपी/आयपी पोर्ट केला, पत्ता बरोबर आहे, पिंग जातंय (म्हणजे नेटवर्कवर प्रिंटर सापडतोय), तरी ऑफलाइन. अशा वेळी ‘कॉन्फिगर पोर्ट’ उघडून खालची ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ ही टिक काढून टाका. त्या टिकमुळे विंडोज प्रिंटरला अधूनमधून “आहेस का?” विचारतं, आणि प्रिंटरने वेळेवर ओ दिली नाही तर त्याला मेलेला समजून रांग थांबवतं. अमळनेरच्या एका ऑफिसात या एका टिकपायी तीन वेळा ड्रायव्हर बदलून झाला होता, चौथ्यांदा नवा प्रिंटर घ्यायचं चाललं होतं.

रांगेत एखादं काम अडकून ‘डिलीटिंग’ असंच दाखवत राहिलं, तर ‘सर्व्हिसेस’मधून ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात स्पूल, त्यात ‘प्रिंटर्स’ नावाचं फोल्डर आहे. त्याच्या आतल्या फायली उडवा आणि स्पूलर परत सुरू करा. शेजारचं ‘ड्रायव्हर्स’ फोल्डर तसंच राहू द्या. एका ठिकाणी उत्साहात तेही साफ केलं गेलं आणि मग खरोखरच सगळे ड्रायव्हर टाकायची वेळ आली.

आता दिवाणजींच्या टेबलावरचा यूएसबी लेझर. तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही, पण जुना म्हणताय म्हणजे एचपीचा १०२० किंवा कॅननचा एलबीपी २९०० यापैकी एक असण्याची दाट शक्यता. खानदेशात निम्मी टेबलं या दोघांनीच अडवलेली आहेत. हे प्रिंटर दणकट, पण बरंचसं डोकं कॉम्प्युटरकडून उसनं घेणारे. १०२० तर असा आहे की बटण चालू केल्यावर दर वेळी त्याचं फर्मवेअर (त्याला चालवणारा आतला प्रोग्राम) कॉम्प्युटरकडून भरून घ्यावं लागतं. लाइट गेली की ते पुसलं जातं. म्हणून कॉम्प्युटर पूर्ण सुरू होऊ द्या, मगच प्रिंटरचं बटण दाबा. झटक्यानंतर प्रिंट निघत नसेल तर आधी प्रिंटर बंद करून चालू करा. निम्म्या तक्रारी एवढ्यात मिटतात. आणि “मग त्यालाही यूपीएसवर लावू” असं मनात आलं असेल तर लावू नका. लेझरचा फ्यूजर (पूड तापवून कागदावर चिकटवणारा भाग) तापताना एकदम एवढा करंट ओढतो की साधा सहाशे व्हीएचा यूपीएस मान टाकतो, आणि त्याच्याबरोबर दिवाणजींचं न साठवलेलं बिलही.

यूएसबीची वायर ज्या भोकात होती त्यातच राहू द्या. दुसरीकडे लावली की विंडोजला तो नवाच प्रिंटर वाटतो, यादीत त्याच नावापुढे ‘कॉपी १’ असलेला जुळा भाऊ उभा राहतो आणि बाकीचे चार कॉम्प्युटर थोरल्याला चिठ्ठ्या पाठवत राहतात. झाडताना वायर हलली होती का, हे आधी विचारा. वायर लांबवायचीही एक मर्यादा आहे: पाच मीटरच्या पुढे साधी यूएसबी वायर धरू नका. कपाटामागून फिरवून आणलेल्या जोडवायरीमुळे ‘डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ येतं, त्याला जगातला कुठलाच ड्रायव्हर बरा करत नाही.

शेअरिंगची गोष्ट निराळी आहे आणि ती २०२१ मध्ये सुरू झाली. त्या वर्षीच्या जून-जुलैत विंडोजच्या स्पूलरमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेलं भगदाड सापडलं. ते बुजवण्यासाठी ऑगस्टच्या अपडेटपासून दुसऱ्या कॉम्प्युटरवरून ड्रायव्हर ओढून घ्यायला ॲडमिनिस्ट्रेटरचा हक्क लागू झाला. सप्टेंबरच्या अपडेटने दोन कॉम्प्युटरमधली ओळखतपासणी कडक केली आणि शेअर केलेला प्रिंटर जोडताना येणारा, शेवटी ‘११बी’ असलेला एरर गावोगाव पोचला. त्या दिवाळीआधी माझा फोन कानाला चिकटलेला होता.

तेव्हा झटपट उपाय म्हणून रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत) एक आकडा शून्य करायचा किंवा ते अपडेटच काढून टाकायचं, असा धडाका लागला. अजूनही काही जण तसंच करतात. मी करत नाही आणि तुम्हीही करू देऊ नका. ते म्हणजे बंद केलेली वाट परत उघडणं आहे, आणि तुमच्या त्याच कॉम्प्युटरवर जीएसटीचे नि बँकेचे पासवर्ड आहेत. माझी पद्धत ही: दिवाणजींच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड असलेलं एक साधं खातं तयार करायचं. बाकीच्या चारांवर ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये ते नाव-पासवर्ड साठवायचं. प्रत्येकावर ड्रायव्हर स्वतंत्र टाकायचा, शेअरमधून ओढायचा नाही. आणि ‘ॲड पोर्ट’मध्ये ‘लोकल पोर्ट’ निवडून नावाच्या जागी दोन उलट्या तिरक्या रेघा, दिवाणजींच्या कॉम्प्युटरचं नाव, एक उलटी तिरकी रेघ आणि प्रिंटरचं शेअर नाव लिहायचं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून पासवर्डाविना पाहुण्यासारखं शेअरमध्ये शिरणं आणखी अवघड झालंय, तेव्हा ते खातं आता ऐच्छिक राहिलेलं नाही. शेअर नाव लहान ठेवा, मध्ये जागा सोडू नका. आणि तो कॉम्प्युटर आपोआप झोपणार नाही हे पॉवर सेटिंगमध्ये बघा. दिवाणजी जेवायला गेले की प्रिंटर बंद, अशी तक्रार मी एका ठिकाणी महिनाभर ऐकत होतो.

काट्यावरचा डॉट मॅट्रिक्स हा माझा आवडता विषय, त्यामुळे इथे थोडा रेंगाळतो.

काही वर्षांपूर्वी ऐन हंगामात, नोव्हेंबरात, एका जिनिंगच्या काट्यावर गेलो होतो. गेटपासून रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग. काट्यावरचा पोरगा दर पावतीनंतर प्रिंटरचा नॉब अंगठ्याने जरासा फिरवायचा, नजर न हलवता, पान लावल्यासारखा सराईत. म्हटलं हे काय? तर म्हणे, “जिभाऊ, इतकं फिरवावंच लागतं, नाहीतर वजनाचा आकडा फाडायच्या रेघेवर येतो.” दोन हंगाम तो हे करत होता. मी त्याला म्हटलं, दहा पावत्या नॉबला न शिवता काढ. पट्टी लावून मोजलं. पहिली आपल्या जागी, दुसरी आठ मिलिमीटर वर, तिसरी सोळा. दहाव्या पावतीपर्यंत मजकूर सात सेंटिमीटर सरकून मागच्या कागदावर चढला होता.

आठ मिलिमीटर ऐकल्यावर बिघाड कुठे आहे ते कळून चुकलं. छिद्रांचा कागद होता १० बाय १२ इंचाचा, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर लांब. ड्रायव्हरमध्ये निवडलेला होता ए४, २९७ मिलिमीटर. प्रिंटर प्रत्येक पानाला ७.८ मिलिमीटर कमी कागद ओढत होता, आणि बिचारा पोरगा तेवढाच अंगठ्याने भरून काढत होता. यंत्रात काही बिघडलेलंच नव्हतं.

तुमच्या पावत्यांचंही हेच असणार. पट्टीने कागद मोजा, एका फाडरेघेपासून दुसऱ्या फाडरेघेपर्यंत. मग ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’च्या पानावरून ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ उघडून ‘फॉर्म्स’मध्ये नवा फॉर्म करा, तीच रुंदी, तीच लांबी, समास शून्य. तो फॉर्म ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये निवडून थांबू नका, ती निवड फक्त त्या लॉगिनपुरती असते. ‘प्रॉपर्टीज’च्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’ आहे, तिथेही निवडा, म्हणजे रात्रपाळीचा माणूस दुसऱ्या लॉगिनने बसला तरी बिघडणार नाही. ‘डिव्हाइस सेटिंग्ज’मध्ये हाच फॉर्म ट्रॅक्टरला बांधा (ट्रॅक्टर म्हणजे इथे कागद ओढणारे दाते, गेटवरचे नव्हेत). काट्याचं सॉफ्टवेअर जुन्या पद्धतीने थेट अक्षरं पाठवत असेल तर ड्रायव्हर मध्ये येतच नाही. मग पानाची लांबी प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये १२ इंच करावी लागते.

पावतीवर चौकोन, ठिपके, अर्धवट रेघा येत असतील तर मात्र खरोखर ड्रायव्हर चुकलाय. डॉट मॅट्रिक्समध्ये दोन जाती: ९ पिनांची आणि २४ पिनांची. एप्सनचा एलएक्स ३१० नऊचा, एलक्यू ३१० चोविसाचा. नावं सख्खी, भाषा वेगळी. चित्र छापताना नऊवाला एका उभ्या ओळीसाठी एक बाइट घेतो, चोविसवाला तीन. एकाचं दुसऱ्याला दिलं की तो आकडे चुकीच्या ठिकाणी तोडून वाचतो आणि कागदावर रांगोळी उमटते. दुसऱ्या कंपनीचे बरेच प्रिंटर एप्सनचीच भाषा बोलतात, त्यामुळे त्यांचा ड्रायव्हर मिळाला नाही तरी पिना मोजून एप्सनचा त्या जातीचा लावता येतो.

मराठीत पावती काढली की हाच प्रिंटर रडत-खडत का चालतो, असंही विचारलं जातं. इंग्रजी अक्षरं प्रिंटरच्या पोटातच साठवलेली असतात. ‘ए’ म्हटलं की तो झर्रकन ‘ए’ ठोकतो. देवनागरी त्याच्या पोटात नसते. शेतकऱ्याचं नाव ड्रायव्हर चित्र म्हणून पाठवतो आणि प्रिंटर ते ओळ-ओळ काढत बसतो. ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हर लावला तर वेग येतो पण मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं. काट्यावर घाईच असेल तर मजकूर इंग्रजीत ठेवा आणि मराठी शीर्षक कागदावर आधीच प्रेसमधून छापून घ्या. हा जुना उपाय अजूनही सगळ्यात चांगला.

नवा ड्रायव्हर टाकायची वेळ आलीच, तर मॉडेलचं पूर्ण नाव प्रिंटरच्या मागच्या लेबलवरून उतरवा, पुढच्या पट्टीवरून नको. नावातलं एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं की ड्रायव्हर दुसरा. तो फक्त कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिराती आणि ‘हेल्पलाइन’ नंबर यांच्यापासून लांब राहा. यावलकडच्या एका ऑफिसने असाच नंबर फिरवून कॉम्प्युटरचा ताबा अनोळखी माणसाला दिला होता आणि ‘ड्रायव्हरची लायसन्स फी’ भरली होती. ड्रायव्हरला फी नसते. भलंमोठं पॅकेज न घेता नुसता ‘बेसिक ड्रायव्हर’ घ्या. पीसीएल६ आणि पीएस (या प्रिंटरच्या दोन भाषा) दोन्ही दिसले तर बिलं-पत्रांसाठी पीसीएल६. जुना काढताना यादीतून प्रिंटर डिलीट केल्याने ड्रायव्हर जात नाही. ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’च्या ‘ड्रायव्हर्स’ टॅबमधून ‘ड्रायव्हर आणि पॅकेज’ दोन्ही काढावे लागतात. ‘वापरात आहे’ म्हणून नकार मिळाला तर स्पूलर बंद-चालू करून लगेच पुन्हा प्रयत्न करा. आणि ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ बंद ठेवा, नाहीतर शेवटी वापरलेला प्रिंटरच डिफॉल्ट होतो आणि जीएसटीचं बिल काट्याच्या कागदावर उमटतं.

नवा लेझर घ्यायचा विचार असेल तर यूएसबीवाला घेऊच नका, लॅनचा घ्या. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच जाहीर केलंय की कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने बंद होईल आणि २०२७ नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या येतील. कंपनीच्या साइटवरून टाकता येईल, पण पुढचा रस्ता विंडोजच्या स्वतःच्या आयपीपी ड्रायव्हरचा आहे (वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रिंटरना चालणारा एकच दुभाषा). दुकानदाराला ‘मोप्रिया’ (प्रिंटर त्या ड्रायव्हरवर चालतो याची खूण) आहे का एवढं विचारा.

पुढच्या खेपेला प्रिंटर ऑफलाइन झाला की माणसाला बोलावण्याआधी मोबाइलवर तीन फोटो काढा: ‘पोर्ट्स’ टॅबचा, प्रिंटरने छापलेल्या कॉन्फिगरेशन पानाचा आणि मागच्या लेबलचा. ते बघून सांगता येईल. आणि काट्यावरच्या कॉम्प्युटरला हात लावायचा तो सकाळी पहिली गाडी यायच्या आत, दहा कोऱ्या पावत्या फुकट घालवायची तयारी ठेवून.